आईच्या गुडघ्याबद्दल, मावशीचं ऐकण्याआधी

आई, बाबा,

काल फोनवर बाबांनी मध्येच विचारलं, "डॉक्टर म्हणतात अर्धाच बदलू, मग उरलेला कधी?" आणि आईला जे हसू फुटलं त्यात सगळं बोलणं राहूनच गेलं, म्हणून लिहून पाठवतेय, निवांत वाचा.

पार्शल, म्हणजे गुडघ्याचा खराब भागच तेवढा बदलायचं ऑपरेशन, हे अर्धवट सोडलेलं काम नव्हे हो बाबा. गुडघ्यात तीन कप्पे असतात, आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. झीज एकाच कप्प्यात असेल तर तेवढाच बदलतात, बाकी सगळं आपलं आपलं राहतं, हाडांना जोडून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंटसुद्धा. टोटलमध्ये, म्हणजे पूर्ण गुडघा बदलताना, दोन्ही हाडांची टोकं तासून नवीन पृष्ठभाग बसवतात आणि पुढचं लिगामेंट बहुतेक वेळा काढूनच टाकतात. एक दाढ किडली म्हणून कोणी कवळी बसवत नाही ना, तसंच.

आणि आई, तू जिना उतरताना कठड्याला धरून थांबतेस आणि कुठे दुखतं विचारलं की एकच बोट आतल्या बाजूला नेमकं ठेवतेस, सगळ्या गुडघ्यावर हात फिरवत नाहीस. मिरजेच्या डॉक्टरांना पार्शल सुचलं ते त्यावरूनही असेल. मावशी म्हणते "एकदाच काय ते पूर्ण करून टाक", पण तिचे दोन्ही पाय बाक आलेले आणि सगळेच कप्पे गेलेले, तिला टोटलशिवाय इलाजच नव्हता, आणि आज ती गणपती मंदिरापर्यंत मस्त चालत जाते हेही खरंच. टोटल वाईट नाहीच.

पार्शलला चीर लहान, रक्त कमी जातं, हॉस्पिटलातून लवकर सुटका, इन्फेक्शन आणि रक्ताच्या गाठीचा धोका कमी आणि गुडघा सहसा जास्त वाकतो. पण टिकण्यात टोटल पुढे, हे लपवत नाही. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात २५ वर्षांनी टोटल सुमारे ८२ टक्के टिकलेले होते आणि पार्शल ७० टक्के. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ५२८ पेशंटची ट्रायलही आली, त्यात पाच वर्षांनी दोन्हीकडे दुखणं आणि हालचाल जवळपास सारखीच निघाली. शिवाय पार्शल पुढे खराब झालाच तर त्याचा टोटल करता येतो. आईचं वय सत्तरीला टेकलंय, त्यामुळे मला तरी पार्शलच बरा वाटतो, पण फिट बसत असेल तरच.

ते ठरतं उभं राहून काढलेल्या एक्सरेवर, झोपून काढलेला चालत नाही, झीज नीट दिसतच नाही. बाबा, जुनी पाकिटं शोधत बसू नका, नवीनच काढून घ्या. एसीएल, म्हणजे ते पुढचं लिगामेंट, शाबूत आहे का आणि आलेला बाक हाताने सरळ होतो का, हे डॉक्टरांनाच तपासू दे. आणि संकोच न करता विचारा, "तुम्ही वर्षाला पार्शल किती करता?" कारण जे सर्जन हे नेहमी करतात त्यांच्याकडेच रिझल्ट चांगले येतात, कधीतरी एखादा करणाऱ्याकडे नको. इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम भागांच्या, किमतीला सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातलीय, त्यामुळे बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून मागा.

आई, दोन्हीपैकी काहीही केलं तरी फिजिओथेरपी चुकवायची नाही, आणि ऑपरेशनआधी शुगर आटोक्यात हवी, त्यामुळे मावशीकडचं श्रीखंड सध्या बंद. खाली मांडी घालून भाजी निवडायला बसायचं का, हेही त्यांनाच विचार, मनानं ठरवू नकोस.

शनिवारी मी येतेय, अपॉइंटमेंट सकाळची घ्या.

तुमची लेक