"इतके हरतात, तरी बघतेस कशाला?"

शिकागो
21 एप्रिल 2024, रविवार

ती. आबा,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इतके हरतात ते, तरी बघतेस कशाला?" मी सांगायला तोंड उघडलं आणि आईने फोन घेतला. मग विषय माझ्या खोकल्यावर गेला तो गेलाच. खोकला बरा आहे. पण तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून लिहायलाच बसले. फोनवर इतकं बोलले असते तर तुम्ही मध्येच बातम्या लावल्या असत्या.

आधी हिशोब, कारण तुम्ही तोच आधी मागाल. शिकागो ब्लॅकहॉक्स, माझा आइस हॉकीचा संघ, यंदा एनएचएल लीगमध्ये 82 सामने. 23 जिंकले, 53 सरळ हरले, 6 जादा वेळेत हरले. जिंकलं की दोन गुण, जादा वेळेत हरलं तरी एक, म्हणजे 52 गुण. 32 संघांत 31वे. आमच्याखाली फक्त सॅन होजे. परगावी जाऊन हरण्याचा तर विक्रमच म्हणायचा: नोव्हेंबरात टँपाला जिंकले, त्यानंतर ओळीने 22 सामने बाहेर जिंकलेच नाहीत. ती माळ कुठे तुटली? सॅन होजेला. आंधळ्याने पांगळ्याला हरवलं म्हणा.

हे आपल्या शाळेच्या मैदानावरचं हॉकी नव्हे हे एव्हाना तुम्हाला माहीत आहे. बर्फावर चालतं, चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. एका वेळी सहा जण उतरतात, त्यांतला एक गोली. प्रत्येक जण पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतो आणि बाकावर येऊन बसतो, दुसरा उतरतो. अंगावर धडकणं नियमात बसतं. तेवढं कळलं की पुरे.

आता मुद्दा. हा संघ मोडकळीला आलेला नाही, मुद्दाम मोडलेला आहे. 2010, 2013 आणि 2015 असा तीनदा याच शहराने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. मग ते खेळाडू थकले, पगार मात्र वाढत गेले आणि पगाराला तर वरून मर्यादा असते. शेवटी 2022 साली यांनी ठरवलं की पाया खणायचा. डीब्रिंकॅट आणि डाख हे दोन खेळाडू एकाच दिवशी दुसऱ्या संघांकडे गेले. पुढच्या फेब्रुवारीत पॅट्रिक केनला न्यूयॉर्कला धाडलं. एप्रिलमध्ये कर्णधार टेव्झचाही इथला शेवटचा सामना झाला. मग लॉटरी. तळाच्या संघांना नवीन मुलांमधून आधी निवड करायला मिळते, पण मुद्दाम हरू नये म्हणून क्रमाची सोडत काढतात. आमची शक्यता 11.5 टक्के होती आणि चिठ्ठी आमचीच निघाली. त्यातून कॉनर बेडार्ड आला, 18 वर्षांचा. इथल्या लोकांनी त्याच्यावर काय काय लादलंय ते पाहिलं की मला त्याच्या आईची काळजी वाटते.

म्हणजे यंदा हरणार हे ठरलेलंच होतं, ते मलाही माहीत होतं. पण हरण्यातही दोन जाती असतात. मुलं एकत्र खेळतात, चुकतात, एकमेकांच्या खोड्या शिकतात आणि हरतात, ती एक. आणि ती मुलं दवाखान्यात, त्यांच्या जागी कोणी भलतेच खेळताहेत आणि हरताहेत, ही दुसरी. गुणतक्त्यात दोन्ही सारख्याच दिसतात. तुम्ही तक्ता बघून मला प्रश्न विचारलात म्हणून हे सांगतेय.

तुम्ही आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसलात, ड्युट्या लावल्यात. म्हणून पुढचं तुम्हाला इथल्या कुठल्याही समालोचकापेक्षा लवकर कळेल.

10 ऑक्टोबरला सुरुवात पिट्सबर्गला. दुसऱ्याच दिवशी बोस्टन. मग माँट्रियल, टोरांटो, डेन्व्हर. पहिले पाचही सामने परगावी! घरी पहिला सामना 21 तारखेला, तोही आदल्या वर्षीच्या विजेत्या वेगासशी. नवख्या चालकाला पहिल्याच आठवड्यात घाटाची मुक्कामी गाडी दिली असती का तुम्ही? इथे दिली. अर्थात दुष्टपणाने नाही. 32 संघ, प्रत्येकाचे 41 सामने घरी, 41 बाहेर, आणि मैदानं त्यांच्या एकट्याची नसतात. आमचं युनायटेड सेंटर बास्केटबॉलच्या बुल्सचंही घर आहे, शिवाय तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. पूर्वी तर दर नोव्हेंबरात सर्कस यायची. हत्ती-घोडे आत आणि दोन्ही संघ दोन आठवडे दौऱ्यावर! त्या दौऱ्याचं नावच 'सर्कस ट्रिप' पडलं होतं. इथले जुने लोक अजून तो शब्द वापरतात.

सगळ्यात वाईट ती सलग दोन दिवसांची जोडी. रात्री दहाच्या सुमारास सामना संपतो, आंघोळ, बस, विमान, दुसऱ्या गावी हॉटेलात पोचेपर्यंत दोन वाजतात. वर एखादा तास घड्याळाचा बदलतो. सकाळचा सराव बहुतेक वेळा रद्दच, आणि संध्याकाळी पुन्हा उभे. गोली सहसा बदलतात, एकाला आज आणि दुसऱ्याला उद्या. बाकीच्या अठरांना कोण बदलणार? डबल ड्युटीवरचा चालक तिसऱ्या तासाला कसा गाडी चालवतो ते तुम्हीच आम्हाला सांगायचात. गाडी रस्त्यावरच असते, फक्त ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडतो. बर्फावर त्या अर्ध्या सेकंदात समोरचा माणूस खांदा घेऊन येतो.

बेडार्डचं दमल्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. 5 जानेवारी, न्यूअर्क, पहिलाच डाव. पक घेऊन समोरच्यांच्या हद्दीची निळी रेषा ओलांडली, नजर क्षणभर खाली, आणि ब्रेंडन स्मिथ नावाचा दांडगा गडी आडवा आला. जबडा मोडला. मी घरी स्वयंपाक करता करता बघत होते. तो तोंडावर हात धरून सरळ आत निघून गेला, आणि मी गॅस बंद केला. त्या स्मिथला जाब विचारायला 36 वर्षांचा निक फोलिन्यो गेला. मारामारीही या खेळात बसते, आईला सांगू नका. त्यात त्याचं बोट मोडलं. एका संध्याकाळी दोन माणसं गेली.

आणि ते दोघेच नव्हते. टेलर हॉलला मुद्दाम बोस्टनहून आणला होता. 2018 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस, पोराच्या शेजारी खेळेल, सांभाळून घेईल म्हणून. तो दहाच सामने खेळला. नोव्हेंबरात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं वर्ष संपलं. अथानासिओ नोव्हेंबरपासूनच बाहेर. बचावातला आधार सेथ जोन्स डिसेंबरात खांदा धरून बसला. जानेवारीत तर अशी गत की मी तिकीट काढून गेले आणि पाठीवरची नावं वाचायला लागत होती, ओळखीचं कोणी दिसेना.

मग माणसं आणतात कुठून? इथून साधारण 140 किलोमीटरवर रॉकफर्ड आहे, तिथे यांचा दुय्यम संघ असतो, आइसहॉग्स. सकाळी फोन जातो आणि संध्याकाळी पोरगा मोठ्या मैदानावर. तुमचे स्पेअरचे चालक तसेच. पण तुमचा स्पेअर निदान तोच मार्ग ओळखायचा. इथे आलेल्याला शेजारचा पक कुठे ढकलणार हेच ठाऊक नसतं. शिवाय रॉकफर्डच्या संघाचाही हंगाम चालू असतो, त्यांची चांगली पोरं अशी उचलली की तिथलीही घडी विस्कटते. एक दुखापत दोन संघांना पुरते.

एकदा तर रॉकफर्डपर्यंत जायलाही वेळ नव्हता. हे माझ्या येण्याआधीचं, मार्च 2018 मधलं. एक गोली सामन्यापूर्वीच जायबंदी, दुसऱ्याला खेळताना पेटके आले. अशा वेळेसाठी यजमान संघ गावातला एखादा हौशी गोली प्रेक्षकांत बसवून ठेवतो. त्या दिवशी बसला होता स्कॉट फॉस्टर, 36 वर्षांचा हिशेबनीस. शेवटची 14 मिनिटं तो उभा राहिला, विनिपेगचे सात फटके अडवले, एकही आत जाऊ दिला नाही. सामना 6-2 जिंकला. ही गोष्ट मला ऑफिसात निदान चार जणांनी, प्रत्येकाने आपण तिथे होतो असं सांगून, ऐकवली आहे.

असो. आता तुमच्या लाल पेन्सिलीचं काम. बेडार्ड 5 जानेवारीला पडला आणि 15 फेब्रुवारीला परत आला. 41 दिवस. डॉक्टर सहा ते आठ आठवडे म्हणाले होते, हा सहाच्याही आत आला. किती सामने हुकले? 14. आता बघा, पूर्ण हंगाम 10 ऑक्टोबर ते 18 एप्रिल, म्हणजे 192 दिवसांत 82 सामने. 41 दिवसांत सतरा-अठरा यायला हवेत. मग कमी कसे? मध्ये ऑल-स्टारची, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याची, सुट्टी पडली. म्हणजे हाडाला जोडायला जे दिवस हवे होते, त्यातले काही वेळापत्रकाने फुकट दिले. हाच जबडा मार्चमध्ये मोडता तर वर्षच संपलं होतं. इथे सगळे दुखापत किती मोठी एवढंच विचारतात. कुठल्या पानावर झाली ते कोणी बघत नाही.

15 फेब्रुवारीला मी गेले होते. ऑफिस सुटल्यावर मॅडिसन स्ट्रीटची 20 नंबरची बस, कडाक्याची थंडी. राष्ट्रगीत सुरू असतानाच इथले लोक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ओरडतात, आपल्याला ते आधी विचित्र वाटतं. मग तो बर्फावर आला. आबा, मी तुम्हाला त्या आवाजाचं वर्णन करणार नाही. शेजारचे आजोबा टोपी काढून नुसते उभे राहिले होते. सामना पिट्सबर्गशी होता आणि हरलो. बाहेर पडताना कोणाचं तोंड उतरलेलं नव्हतं.

विकाविकीचं मात्र तुम्हाला पटणार नाही. मार्चमध्ये अदलाबदलीची मुदत संपते. बांधणी करणारे संघ त्याआधी वयस्क खेळाडू मोठ्या संघांना देतात आणि नवीन मुलांमधून निवड करायचे त्यांचे पुढचे हक्क घेतात. सगळा धंदा त्या तारखेवर. पण मनगट दुखावलेल्या माणसाला काय भाव येणार? बोव्हिलिये नावाचा एक होता. पाचव्या फेरीची निवड देऊन नोव्हेंबरात आणला, मध्ये मनगटाने घात केला, मार्चमध्ये पाचव्या फेरीचीच निवड घेऊन दिला. मुद्दल तेवढं परत, व्याज मनगटात गेलं.

मग शेवटी मिळालं काय? बेडार्डच्या नावावर 68 सामन्यांत 61 गुण (खेळाडूला गोलाचा एक आणि गोलासाठी पक दिल्याचा एक), त्यात 22 गोल. यंदाच्या नवख्यांत सगळ्यात जास्त, 14 सामने हुकूनसुद्धा. ते ठीकच. माझी खंत वेगळी आहे. हॉल आणि हा पोरगा वर्षभर शेजारी खेळायचे होते, खेळले फार तर दहा सामने. कोणाला पक कधी हवा असतो, कोण उजवीकडे बघून डावीकडे देतो, हे सरावात अर्धंच कळतं. बांधणीचं वर्ष त्याच्यासाठी असतं. हरलेल्या सामन्यांचं मला फारसं काही वाटत नाही, न झालेल्या त्या सामन्यांचं वाटतं. संघाचे चाहतेही यावर भांडतात. काही म्हणतात बरंच झालं, तळाला राहिलो, निवड वर मिळेल. तळापासून दुसऱ्या संघाला सोडतीत पहिल्या निवडीची 13.5 टक्के शक्यता मिळते, खालच्या सॅन होजेला 25.5. सोडत मे महिन्यात आहे. मला हा हिशोब कळतो, पण पोरगं जबडा बांधून बसलं असताना "बरंच झालं" म्हणवत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर? तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी डेपोतून उशिरा आलात, आठवतं? शेवटची गाडी आली नव्हती म्हणून थांबला होतात. तुमच्या जागी बसणारा तिथे हजर होता, तरी थांबलात. आईने तेव्हा हाच प्रश्न विचारला होता, थोड्या चढ्या आवाजात.

18 तारखेला लॉस एंजेलिसला शेवटचा सामना झाला. इथल्या घड्याळात तो संपेपर्यंत मध्यरात्र उलटली, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे मिटत होते. तेव्हा कळलं की दौऱ्यावरची ती दोन तासांची तफावत घरी सोफ्यावर बसलेल्यालाही सोडत नाही.

नवीन वेळापत्रक उन्हाळ्यात लागतं. लागलं की मोठ्या अक्षरांत छापून ताईच्या पत्त्यावर पाठवते, कारण मोबाइलवर तुम्ही बघणार नाही. सलग दोन दिवसांच्या जोड्यांना तुमच्या पद्धतीने लाल गोल करा आणि फोनवर सांगा, कुठल्या आठवड्यात गाडी बंद पडेल. आईला म्हणावं, खोकला खरंच बरा आहे.

तुमची,
मनू