पुठ्ठ्याची जाळी

येळ्ळूर, रविवार

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, पण सुगीत सापडलो होतो. काल मळणी उरकली. भाताच्या कुसाची खाज अजून गेलेली नाही, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

शाळेत काय नवीन म्हणतोस? परवा आठवीच्या पोरांना गॅमा किरणांचे स्फोट सांगितले. पुस्तकात नाहीत, पण मला राहवेना. गॅमाचं एक बरं, मराठीत काय नि कानडीत काय, गॅमाच. आधी वेला उपग्रहांची गोष्ट सांगितली. 1963 च्या करारानंतर कोण चोरून अणुचाचणी करतंय का बघायला अमेरिकेनं ते सोडलेले. 2 जुलै 1967 ला त्यांना गॅमा किरणांचा भलताच झोत सापडला, बॉम्बचा नव्हेच. जगाला कळलं ते 1973 मध्ये! लांबच्या दीर्घिकेत मोठा तारा कोसळला किंवा दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे घट्ट गाभे, आदळले की हे किरण सुटतात. आपली हवा ते खाली पोचू देत नाही, म्हणून यंत्रं वर न्यायची.

मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, भिंग लावून बघायचं की." आली का पंचाईत! गॅमा किरण भिंगानं वळत नाहीत. मग एका खोक्याच्या पुठ्ठ्याला वेडीवाकडी भोकं पाडली आणि खिडकीतल्या उन्हात धरला. बाकावर ठिपके पडले. पुठ्ठा बाकावर तसाच धरून दोन्ही एकदम तिरके केले, तर ठिपके बाकावर सरकले. हे स्फोट टिपायला नासानं सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावर शिशाच्या हजारो तुकड्यांचा असाच पडदा आहे. खाली सावली कशी पडली त्यावरून दिशा काढतात, आणि दीड-एक मिनिटात सगळा उपग्रह तिकडं वळतो. एवढं सांगेपर्यंत ढग आला. पोरं ओरडली, "सर, स्फोट संपला!"

मला मात्र आपला भारताचा उपग्रह ॲस्ट्रोसॅट जास्त आवडतो. त्याच्यावरचं जाळीचं यंत्र नाकासमोर बघायला केलेलं. पण 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) वरच्या किरणांना त्याच्या बाजूच्या भिंती म्हणजे गोठ्याचा कूड, आरपार. त्यामुळं कडेनं आलेले स्फोटही त्याला कळतात. 28 सप्टेंबर 2015 ला तो उडाला, 6 ऑक्टोबरला हे यंत्र चालू केलं आणि त्याच दिवशी पहिला स्फोट घावला. नशीब बघ!

राजहंसगडावर बसून दिवाळीचे बार मोजायचो, आठवतं? उजेड आधी, आवाज मागनं. चार ठिकाणचे उपग्रह मिळून स्फोटाची जागा काढतात तीही अशीच वेळेच्या फरकावरून, झोत कुणाला आधी लागला नि कुणाला मागनं. पण हा झोत सेकंदाला 3 लाख किलोमीटर पळणारा, फरक पडतो इवलासा, त्यामुळं एखादं यान जितकं लांब तितका हिशोब नेमका. तू पुण्याला गेलास ते यासाठी तरी उपयोगी पडलं असतं!

पुठ्ठा त्या पोरीनं घरी नेलाय. काल मागितला तर म्हणते, चांदण्यात करून बघायचाय, पौर्णिमेनंतर देते.

संक्रांतीला येतोयस ना? कुंदा मी आणतो, दुर्बीण तू आण.

तुझा,
बाळ्या