वेलांटी जागेवर आणून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

२०१९च्या सप्टेंबरात आपण मला ओळखतही नव्हता. एका स्नेह्यांनी आपला फोन क्रमांक दिला, दिवाळी अंकाच्या अक्षरजुळणीची अडचण घेऊन मी भीत भीत फोन केला, आणि पुढच्या चार संध्याकाळी आपण स्वतःची कामे बाजूला ठेवून माझ्यासाठी दिल्यात. त्या वेळी मी फोनवर दोन शब्दांत आभार मानले होते. ते अपुरे होते, याची जाणीव दर दिवाळी अंकाच्या वेळी होते. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण आपण जे शिकवलेत ते आमच्यासारख्या इतर लहान वाचनालयांना आणि नियतकालिकांनाही उपयोगी पडेल.

आमचा दिवाळी अंक वर्षानुवर्षे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये लागत असे. लेखक मात्र मोबाइलवरून युनिकोड मजकूर पाठवू लागले होते आणि तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेताना पानापानावर नव्या चुका शिरत होत्या. छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांतली पीडीएफ हवी होती. ती लिबरऑफिस रायटरमधून मिळत नव्हती, म्हणून आम्ही स्क्रायबस या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामकडे वळलो. वाचनालयाच्या संगणकावर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली होती आणि तिच्या भांडारात, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संग्रहात, स्क्रायबसची १.४.८ ही आवृत्ती होती. एका कमांडमध्ये ती बसली. पहिला परिच्छेद चौकटीत ओतला, तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येत होती आणि जोडाक्षरे हलन्त दाखवत सुटी पडली होती. ‘दिवाळी’ हा शब्दसुद्धा धड उमटत नव्हता. देवनागरीसारख्या लिपीची अक्षरजुळणी हार्फबझ या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरकडून करून घेण्याची सोय स्क्रायबसमध्ये २०१७ साली १.५.३ या आवृत्तीत आली, १.४ मालिकेत ती नव्हतीच. नव्या आवृत्तीची तयार ॲपइमेज (न बसवता थेट चालणारी फाइल) मी उतरवून पाहिली होती, पण ती ६४ बिटची होती आणि आमचा देणगीत मिळालेला संगणक ३२ बिटचा, २ जीबी मेमरीचा होता.

मी वैतागून डेबियनला नावे ठेवू लागलो, तेव्हा आपण मला थांबवलेत. स्थिर आवृत्तीत एकमेकांबरोबर तपासून घेतलेली पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअर, असतात, ती मुद्दाम गोठवलेली असतात आणि त्यांत केवळ सुरक्षेच्या व गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येत राहतात. कोणी जाणकार जवळ नसताना हा संगणक वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो तो त्यामुळेच, हे आपण शांतपणे समजावलेत. त्यानंतरच आपण म्हणालात की एक प्रोग्राम, एवढाच एक, आपण सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करू (स्वतः बांधून घेऊ) आणि बाकी सगळे डेबियनवर सोपवू. या एका अटीमुळे पुढचे सगळे काम आवाक्यात राहिले.

१.५.५चा सोर्स उतरवला. लागणाऱ्या लायब्ररी (प्रोग्राम ज्यांच्या आधारावर चालतो ते तयार कोडचे संच) आणण्यासाठी मी कुठेतरी वाचलेली ‘बिल्ड-डेप’ची कमांड चालवली आणि ढीगभर पॅकेजे बसूनही बांधणीची पूर्वतयारी करणारे सीमेक, क्यूटी ५ ही लायब्ररी सापडत नाही म्हणून अडून बसले. आपण एका वाक्यात कारण सांगितलेत: ती कमांड भांडारातल्या १.४.८ला काय लागते ते आणते, आणि ती आवृत्ती क्यूटी ४ वर उभी आहे. मग क्यूटी ५, पॉपलर, हार्फबझ, आयसीयू, लिटलसीएमएस यांची नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली पॅकेजे एकेक करून बसवली. प्रोग्राम चालवायला लायब्ररी पुरते, पण तिच्यावर नवे काही बांधायचे तर तिच्या हेडर फाइलही लागतात आणि त्या या ‘डेव्ह’ पॅकेजांत असतात, हा फरक मला त्या दिवशी कळला.

तिसरी संध्याकाळ मी विसरू शकत नाही. वेळ वाचावा म्हणून मी बांधणी चालवणाऱ्या मेक या प्रोग्रामला एकाच वेळी चार कामे चालवायला सांगितले होते. तासाभराने सगळे थांबले आणि पडद्यावर कंपाइलरमध्येच अंतर्गत चूक झाल्याचा संदेश आला. सोर्सच सदोष आहे, असे मी ठरवूनही टाकले होते. आपण मला शेवटची ओळ सोडून वर जायला लावलेत आणि पहिली चूक वाचून दाखवायला सांगितलेत, कारण अनेक कामे समांतर चालू असताना मूळ चूक वर निघून जाते आणि खाली तिचे पडसाद उरतात. त्या ओळीत ‘किल्ड’ असा शब्द होता. मग आपण कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) नोंद उघडायला लावलीत आणि तिथे स्पष्ट दिसले की मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच कंपाइलरची प्रक्रिया बंद केली होती. सोर्समध्ये दोष नव्हता आणि कंपाइलरमध्येही नव्हता. एका वेळी एकच काम, एवढा बदल करून रात्री नऊला पुन्हा सुरुवात केली आणि पहाटे उठून पाहिले तर काम पूर्ण झाले होते. चूक वाचण्याची ही पद्धत मी आजही वापरतो, आणि माझ्या मते आपण दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

बसवतानाही आपण मला रूट म्हणून, म्हणजे संगणकाचे सर्व अधिकार घेऊन, काही करू दिले नाहीत. आपल्या हाताने बसवलेल्या फाइलींची पॅकेजे सांभाळणाऱ्या एप्टला काहीच माहिती नसते, त्या व्यवस्थेच्या फोल्डरांत पसरल्या तर निस्तरणे कठीण होते, म्हणून सगळे काही होम फोल्डरातल्या एकाच फोल्डरात ठेवले. अंक २७ ऑक्टोबरच्या लक्ष्मीपूजनाआधी वाचकांच्या हाती पोहोचला, आणि त्यातली प्रत्येक वेलांटी आपल्या जागी होती.

ज्यासाठी हे पत्र खरे तर लिहायला घेतले, ते पुढचे आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये डेबियन ११ आले. मी संगणक अद्ययावत करून जुनी पॅकेजे साफ केली आणि आपण बांधून दिलेले स्क्रायबस उघडेना. ‘लिबपॉपलर’ची, म्हणजे पॉपलर लायब्ररीची, ८२ क्रमांकाची जुनी फाइल सापडत नाही, असे ते म्हणू लागले. मी पुन्हा कंपाइल करण्याच्या तयारीने आपल्याला फोन केला. खरे सांगायचे तर मला त्याचा उत्साहही होता. आपण आधी भांडारात कोणती आवृत्ती आली आहे ते पाहायला लावलेत. तिथे १.५ मालिका आलेली होती. “मग आता ते फोल्डर काढून टाका,” असे आपण म्हणालात. चार संध्याकाळी खर्चून उभे केलेले काम आपण इतक्या सहजपणे सोडायला सांगावे, याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. नंतर मी संगणक चालवायला शिकलेल्या आमच्या ग्रंथपाल ताईंकडे अंकाचे काम सोपवू शकलो, ते मात्र केवळ त्यामुळेच. त्यांना सीमेक ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पॅकेज एप्टकडून येते, दुरुस्त्याही तिकडूनच येतात.

यंदाच्या अंकाची प्रत वेगळ्या टपालाने पाठवत आहे. पृष्ठ ३ वर ‘अक्षरजुळणी साहाय्य’ या ओळीखाली आपले नाव छापण्याची परवानगी आपण दर वर्षी नाकारत आला आहात, म्हणून ती जागा याही वर्षी कोरी ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाच्या दिवाळी अंकाचा संपादक