केंद्राच्या कराराबद्दल मित्रास पत्र

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शहराच्या नव्या सायबर सुरक्षा केंद्रात तुमचं विद्यापीठ भागीदार होतंय आणि कराराचा मसुदा तुझ्याकडे आलाय, हे कळून फार बरं वाटलं. फोनवर हे बोलून संपणार नाही, आणि समितीपुढे ठेवायला तुला कागदही लागेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मसुद्यातला भिंतभर पडद्यांचा खर्च आधी मागे ढकल. पडद्यावर दिसणार ते यंत्रांनी पाठवलेले लॉग, म्हणजे कुठे काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. तेच येत नसतील तर भिंत कोरीच राहणार. सुरुवातीला चारच ठिकाणचे घ्या: फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी), लॉगिन सर्व्हर, ईमेल आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). सेकंदाला १००० नोंदी आणि नोंदीला सरासरी ५०० बाइट धरले तर दिवसाला ४३ जीबी होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे, म्हणजे कॉम्प्रेस न करता पावणेआठ टीबी. दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत. एवढ्यासाठी अवाढव्य डेटा सेंटर लागत नाही.

त्याच आदेशात यंत्रांची घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय. बाब किरकोळ वाटते, पण तपास इथेच फसतो. एक सर्व्हर भारतीय वेळ लिहितो, दुसरा यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. रात्री दीडचं लॉगिन दुसरीकडे आदल्या रात्री आठचं दिसतं. घुसखोर आधी आला की फाइल आधी गेली, हेच ठरत नाही. आणि घटना लक्षात आल्यावर सर्ट-इनला कळवायला हातात सहाच तास असतात.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको. लॉग गोळा करून तपासणारं वाझू आणि नेटवर्कवरच्या ट्रॅफिकमध्ये हल्ले हुडकणारं सुरिकाटा मोफत आहेत, शिवाय मुलांना आतून उघडून शिकता येतात. सुरिकाटाला स्विचच्या मिरर पोर्टवरून (जिथे ट्रॅफिकची नक्कल मिळते) ट्रॅफिक मिळतो, तिथे मात्र सांभाळा. १ जीबीपीएसच्या (सेकंदाला एक गिगाबिट) लिंकवर येणारा-जाणारा मिळून २ जीबीपीएसपर्यंत जाऊ शकतो, मिरर पोर्टची ताकद १ चीच. जादा पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, स्विच टाकून देतो. सुरिकाटाच्या ड्रॉपच्या आकड्यात ती दिसत नाहीत, कारण त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसतात. म्हणून स्विचवरच्या पोर्टचे काउंटर रोज पाहायला लाव.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने केंद्रात घ्यायचेत, हा मसुद्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते शिक्षणाची हुन्नराशी गाठ घालायला. हे काम त्याच वाटेवरचं आहे. पण कारखाना म्हणजे ऑफिसचं नेटवर्क नव्हे. तिथले पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे संगणक, बहुधा मॉडबस या जुन्या संदेश-पद्धतीने बोलतात, टीसीपी पोर्ट ५०२ वर, आणि साध्या मॉडबसमध्ये समोरचा कोण हे विचारायची सोयच नाही. उत्साहाच्या भरात कुणी चालू लाइनवर एनमॅप (नेटवर्क स्कॅन करायचं साधन) मारला, तर जुना पीएलसी अडकून बसतो आणि माल खोळंबतो. तिथे नुसतं ट्रॅफिक ऐकायचं, आपण काही पाठवायचं नाही. स्कॅन करायचाच तर मशीन बंद असताना, कारखान्याचा मेंटेनन्सवाला शेजारी उभा करून.

परवानगीपत्राशिवाय मुलांनी कशालाही हात लावू नये, हे कलम करारात ठळक घाल. आयटी कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं हाच दोष आहे. हेतू चांगला होता म्हणून सुटका होईल असं धरू नका. परवानगीपत्रात तपासायच्या यंत्रांच्या आयपी पत्त्यांची यादी, तारीख आणि वेळ, काय करायचं नाही ते, आणि काम थांबवायला सांगणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर हवा. "आमची वेबसाइट तपासा" एवढी एक ओळ चालणार नाही: वेबसाइट बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि परवानगी तिचीही लागते.

पैशांनी फसलेल्या नागरिकाला केंद्रात बसवून अर्ज लिहून घेऊ नका. त्याला तिथल्या तिथे १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावून द्या. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली तरच हाती लागते.

आता माणसं. केंद्र चोवीस तास चालवायचं तर आठवड्याचे तास १६८, एक माणूस ४८ भरतो. रजा धरून एका खुर्चीला पाच जण लागतात. मसुद्यात दोन आहेत, बाकी विद्यार्थी. परीक्षा आल्या की खुर्च्या रिकाम्या पडतील, दिवाळीत तर नक्कीच. पडद्यांचे पैसे पगाराकडे वळव. समितीत याच मुद्द्यावर अडून बस.

सुधारलेला मसुदा आला की परवानगीपत्राचं पान आधी पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र