भेसळ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशात नाव कमावलेल्या भारतीय आवाजांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो एकच नाव शोधायला. आशा पुथली कुठेच सापडल्या नाहीत. धरमपेठेत छत्तीस वर्षं गाणं शिकवूनही दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाच हे नाव ठाऊक नव्हतं, तेव्हा लेखकाला बोल लावत नाही. पण लिहिल्यावाचून राहवेना.

मला त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकवलं माझ्या एका विद्यार्थिनीनं. शिकवणी आटोपल्यावर तिनं मोबाईल पेटीवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, ह्या बाई कोणाकडे शिकल्या असतील, सांगा." सॅक्सोफोन, ट्रम्पेट, मागे ड्रमचा कल्लोळ, ठेका धरू म्हटलं तर हाती लागत नाही. आणि त्या सगळ्यावरून इंग्रजी शब्द गाणारा एक आवाज, एका सुरावरून दुसऱ्यावर लांब श्वासात, मधली एकही जागा न सोडता जाणारा. ती मींड होती. कोणीतरी समोर बसवून घोटून घेतलेली. मी तिला म्हटलं, या बाईंना तालीम आहे.

आणि होतीच. आशाताईंचा जन्म १९४५ चा, मुंबईचा. हिंदुस्थानी गाणं त्या पं. लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे शिकल्या, पाश्चात्त्य ऑपेराचंही शिक्षण घेतलं आणि जाझ रेडिओवर ऐकलं. विमानात हवाई सुंदरीची नोकरी केली, मग मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क गाठलं. बॉब डिलनना पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंड यांनी त्यांचा आवाज हेरला आणि ऑर्नेट कोलमन या बंडखोर जाझवादकाकडे पाठवलं. कोलमन यांच्या १९७२ च्या 'सायन्स फिक्शन' या रेकॉर्डमध्ये आशाताईंची दोन गाणी आहेत. मी ऐकलं ते त्यातलंच एक.

पुढच्याच वर्षी त्यांची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली. १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज'मध्ये तर जाझ, सोल आणि डिस्को एकाच गळ्यात नांदतात. त्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजलं, आणि वीस वर्षांनी रॅप गाणाऱ्यांनी त्याचे तुकडे उचलले. २०२४ साली इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्या गायल्या, वयाच्या ७९व्या वर्षी! माझा गळा एकाहत्तरीतच तार सप्तकात दगा देतो.

हे सगळं लिहायला एक कारण आहे. याच विद्यार्थिनीनं गेल्या वर्षी शहरातल्या एका स्पर्धेत केदार रागाची बंदिश गिटारच्या साथीनं म्हटली. आलापी चोख होती, शुद्ध मध्यमावरचा ठहराव मी स्वतः बसवून घेतला होता. परीक्षकांनी गुणपत्रिकेवर एकच शब्द लिहिला: भेसळ. पोर आठ दिवस शिकवणीला आली नाही. मला माझं १९७४ साल आठवलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक सिनेगीत म्हटलं म्हणून माझ्या गुरुजींनी दोन महिने मला तंबोऱ्याला हात लावू दिला नव्हता. मी त्यानंतर दुसरं काही गायलेच नाही. त्याची हळहळ आजही आहे.

भेसळ दुधात पाणी घालणाऱ्याची असते. तिथे मूळ वस्तू पातळ होते. आशाताईंचं गाणं ऐका, सूर कुठेही पातळ झालेला नाही. आणि हे नागपूरकरांना सांगावं लागावं? डॉ. वसंतराव देशपांडे याच गावात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, मग लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे, पुढे सुरेशबाबू माने यांच्याकडे. जिथे मिळेल तिथून घेतलं, आणि ख्याल, ठुमरी, नाट्यगीत सगळं स्वतःचं करून गायले. सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला आपण त्यांचंच नाव दिलं आहे ना?

माझी विनंती एवढीच, की आशाताईंवर पुरवणीत एक पानभर लेख द्या. त्या हयात आहेत, तोवर द्या. माझ्या विद्यार्थिनीनं यंदा त्याच स्पर्धेत पुन्हा नाव घातलं आहे. बंदिश तीच, गिटारही तीच. लेखाचं कात्रण मला तिच्या वहीत चिकटवायचं आहे.

आपली,
एक संगीत शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर