‘आढळून येत नाही’

सातारा,
दि. १८ जानेवारी २०२६

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू घाईत होतास, आणि माझे बोलणे तुला अर्धेमुर्धेच ऐकू आले असावे, म्हणून सगळे नीट लिहून पाठवीत आहे. तुझ्या लायसनची मुदत येत्या १३ जुलैला संपते. नूतनीकरणासाठी तू सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर क्रमांक घातलास तर नोंद उपलब्ध नाही असे उत्तर आले, आणि तोच क्रमांक दुसऱ्या कुठल्याशा संकेतस्थळावर घातल्यावर अर्ध्या मिनिटात नोंद सापडली. मात्र ती उघडून पाहायला ९९ रुपये मागतात, ते भरू का, असे तू विचारलेस. भरू नकोस. ज्याने नाही म्हटले ते खरे सरकारी दप्तर आहे आणि ज्याने हो म्हटले तो लबाड आहे, हे मी इथे बसून, ते संकेतस्थळ न पाहता सांगू शकतो, आणि का सांगू शकतो तेच पुढे लिहितो.

माझी नोकरीची शेवटची अकरा वर्षे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या धुळीने आलेला खोकलाही तू लहानपणापासून ऐकला आहेस. लाल रुमालात बांधलेल्या दप्तरांच्या त्या खोलीत रोज वीस-पंचवीस माणसे कुठल्या ना कुठल्या फेरफाराची नक्कल मागायला येत, आणि त्यांतल्या चार-पाच जणांना तरी मला ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असे लेखी द्यावे लागे. कधी पान फाटलेले, कधी गट क्रमांक चुकीचा, कधी गावच दुसऱ्या तालुक्यात गेलेले. लोक चिडत, आणि त्यांचे चिडणे मला कळत असे. पण मागेल त्याला मागेल ते सापडू लागले असते, तर त्या खोलीतल्या कुठल्याच कागदाला किंमत उरली नसती. म्हणून कुठलेही दप्तर खरे की खोटे हे पाहायचे असेल तर मी त्याला आधी चुकीची गोष्ट विचारतो.

खोटे कशाला बोलू, ही शहाणपणाची रीत मला वेळेवर आठवली नाही. ती मला माझ्या अंगठ्याने, म्हणजे अंगठ्याच्या चुकीने, आठवून दिली. माझेही लायसन फेब्रुवारीत संपते, म्हणून डिसेंबरात मी फोनवर ‘लायसन नूतनीकरण’ असे शोधले आणि सर्वांत वर जे आले ते उघडले. त्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिले होते, ते मी नंतर वाचले. वर अशोकस्तंभासारखे चित्र, तिरंगी पट्टी, खाली क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकाच्या चौकटी. मी सगळे भरले. मग एक चाक फिरू लागले आणि त्याखाली ओळी बदलू लागल्या: राज्याची नोंद तपासत आहोत, अपघातांची नोंद तपासत आहोत, न्यायालयीन नोंद तपासत आहोत. टक्के वाढत गेले, हिरवी खूण आली, ‘नोंद सापडली’ असे झळकले आणि १४९ रुपये मागितले. मी भरले. जो कागद मिळाला त्यात माझे नाव, जन्मतारीख आणि क्रमांक होता. ‘वैध’ असा शिक्काही होता. तुझी आई चष्मा लावून शेजारी बसली होती. ती म्हणाली, “अहो, तुमचं लायसन अठ्ठ्याऐंशीचं ना? इथे अठ्ठ्याण्णव कसं?” लायसनच्या क्रमांकात राज्य आणि कार्यालयाच्या खुणेनंतर पहिल्यांदा परवाना मिळाल्याचे वर्ष असते, आणि तिथे ८च्या जागी ९ मीच दाबला होता. म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या लायसनची नोंद त्यांना सापडली होती, आणि तिच्यात आडनावाचे मी घाईत चुकवलेले अक्षरही जसेच्या तसे होते. मी भरलेलेच त्यांनी मला १४९ रुपयांना परत विकले.

दुसऱ्या दिवशी ‘आरटीओतून बोलतोय’ असा फोन आला. त्या माणसाला माझी जन्मतारीख माहीत होती, आणि ती त्याला कुठून मिळाली हे आता मला कळत होते. कार्ड लवकर हवे असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडा, असे तो म्हणाला. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होते. तशी फाइल म्हणजे कागद नसतो, ती फोनमध्ये बसणारे अ‍ॅप असते, आणि एकदा परवानगी दिली की बँकेचे संदेश आणि ओटीपी परस्पर वाचू शकते. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने लोकांना हल्ली अशाच फायली येत असतात. मी ती उघडली नाही, बँकेत जाऊन कार्ड बंद करून घेतले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. १४९ रुपये गेले ते गेलेच.

तुझ्या संकेतस्थळाची परीक्षा तू आजच करून पाहा, पण स्वतःचे काहीच खरे न भरता. अगदी अशक्य क्रमांक घाल, वर्षाच्या जागी २०९९ लिही. तरीही नोंद सापडली असे आले, तर मला फोन करून सांगण्याचीही गरज नाही.

पत्ता वाचण्याची रीतही एकदा ध्यानात घे, कारण चित्र, रंग आणि बोधचिन्ह कुणालाही उतरवता येते, पण ‘गव्ह डॉट इन’ हे शेपूट सरकारी यंत्रणेलाच मिळते. सुरुवातीचे ‘https://’ सोडून पत्त्यातली पहिली तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबून उजवीकडून डावीकडे वाचत जायचे: शेवटी ‘इन’, त्याआधी ‘गव्ह’, त्याआधी ‘परिवहन’, आणि लायसनचे काम असेल तर त्याआधी ‘सारथी’. यात ‘गव्ह’ आधीच कुठेतरी आडव्या रेघेने जोडलेले असेल आणि शेवट ‘कॉम’ किंवा ‘ऑर्ग’ असेल, तर ते सरकारचे नव्हे. पत्त्याशेजारच्या कुलपावर विसंबू नकोस. मधल्या मध्ये कुणी वाचत नाही एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे कोण बसले आहे हे ते सांगत नाही. सूनबाईला माझ्यापेक्षा हे जास्त कळते, तिच्याकडूनही खात्री करून घे.

तू म्हणालास की त्या संकेतस्थळावर नुसत्या नावावरून कुणाच्याही लायसनची माहिती निघते, आणि सोसायटीत ठेवायच्या ड्रायव्हरची तशी चौकशी करावी असे तुमच्यात चालले आहे. नुसत्या नावावरून ‘सारथी’ काही दाखवत नाही. तिथे लायसन क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही लागतात, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. गाडीच्या नोंदीतसुद्धा मालकाच्या नावातली अक्षरे फुल्या मारून झाकलेली येतात. सरकारने २०१९ मध्ये वाहन आणि परवान्यांची माहिती खाजगी कंपन्यांना घाऊक विकण्याचे धोरण आणले होते, पण गैरवापराच्या भीतीने ते २०२० मध्ये मागे घेतले. तेव्हा ड्रायव्हरची चौकशी करायची तर त्याच्या पाठीमागे करू नका. त्यालाच समोर बसवून त्याच्या फोनमधल्या डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या अ‍ॅपमधले लायसन उघडायला सांगा. ते कायद्याने मूळ कागदाइतकेच चालते, आणि त्या माणसाचाही मान राहतो.

आता तुझी नोंद खरोखर का सापडत नाही ते सांगतो, कारण या अडचणीमुळेच माणसे त्या लबाडांच्या दारात जातात. तुला १४ जुलै २००६ रोजी इथल्या कार्यालयाने दिलेले लायसन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कागदाचे आहे, त्याचा क्रमांक जुन्या पद्धतीचा आहे. त्या काळातल्या बऱ्याच नोंदी कार्यालयातल्या वहीत आहेत, पण संगणकावर चढलेल्या नाहीत. ज्या कार्यालयाने परवाना दिला, त्यानेच मूळ वही पाहून ती नोंद चढवायची असते; खिडकीवर तिला ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. म्हणून हे एवढे एक काम तुला सातारला येऊनच करावे लागेल. माझे काम त्या मानाने सोपे आहे, कारण २०२१ च्या नूतनीकरणात माझी नोंद चढलेली आहे आणि मी ती, या वेळी बरोबर क्रमांक घालून, ‘सारथी’वर पाहिली आहे.

नोंद चढली की पुढचे सगळे तुला तिकडूनच करता येईल. नूतनीकरण देशातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात होते, तेव्हा पत्ताबदल आणि नूतनीकरण एकाच अर्जात पिंपरी-चिंचवडला करून टाक. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुझी वेळ गेल्या जुलैपासूनच सुरू झाली आहे. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन चालत असे आणि तुझ्या मनात तेच आहे, हे काल तुझ्या बोलण्यावरून मला कळले. पण २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. १४ जुलैच्या सकाळी तू गाडी काढलीस तर ते विनापरवाना चालवणे होईल. त्याचा दंड ५,००० रुपये आहे. आणि त्या दिवशी दुर्दैवाने काही झाले तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळेल, ते त्याहून वाईट. एक वर्षाहून उशीर झाला तर पुन्हा गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा. वेळेत केलेस तर तुझ्या वयाला दहा वर्षांची मुदत मिळते, म्हणजे २०३६ पर्यंत काळजी नाही. मला आता पाच-पाच वर्षांचीच मिळते, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

नोव्हेंबरात तू चाळिशी पूर्ण केलीस, त्यामुळे तुला डॉक्टरचा दाखलाही लागेल. त्याला ‘नमुना १-अ’ म्हणतात. इथे एक जण आधीच सही केलेला तो नमुना देतो, डॉक्टरकडे जायचेसुद्धा कारण नाही, असे मला दोघांनी सांगितले. मी गेलो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी लाल-हिरवा रंग ओळखायला लावला, कान तपासले आणि मग दवाखान्याच्या पायरीवर उभे करून रस्त्यापलीकडच्या रिक्षाची नंबरप्लेट वाचायला सांगितली, कारण भर उजेडात पंचवीस मीटरवरून ती वाचता येते का हे त्या नमुन्यात लिहावे लागते. ‘एमएच ११’ मी झटकन वाचले, पण ते वाचले की ओळखले कोण जाणे, कारण पुढचे आकडे मला लागेनात. डोळ्यांचा नंबर वाढला आहे. चष्मा बदलून मंगळवारी पुन्हा जायचे आहे, आणि तोवर महामार्गावर गाडी काढायची नाही असे तुझ्या आईने ठरवले आहे. सही केलेला कोरा नमुना घेतला असता तर हे मला कळलेही नसते. नूतनीकरणाचे मूळ शुल्क २०० रुपये आहे आणि कार्डाचे तेवढेच. पैसे ‘सारथी’वरच भरायचे आणि पावती तिथलीच घ्यायची.

आता येण्याचे. शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद, आणि सोमवारी २६ जानेवारी आहे. म्हणून शुक्रवारी २३ तारखेची रजा टाक आणि गुरुवारी रात्रीच ये. मी सकाळी तुझ्याबरोबर खिडकीवर येईन. वही शोधायला वेळ लागला तर धीर धरायला तुला कुणीतरी सोबत हवे, आणि तेवढा सराव मला आहे. मूळ लायसन आण, झेरॉक्स नको. आधार आणि जन्मतारखेचा पुरावाही आण. तुझा दहावीचा दाखला इथे माझ्या पेटीत आहे. मुलांनाही आणलेस तर आईला बरे वाटेल.

तुझा,
आप्पा

ता. क. – ते ९९ रुपये तू काल फोन ठेवल्यावर भरलेच असशील, तर माझ्यापासून लपवू नकोस. मी तर १४९ भरले आहेत. पत्र मिळताच बँकेला कळव, १९३० वर नोंद कर, आणि आरटीओच्या नावाने कुणाचाही फोन आला तर त्याला आधी तुझ्या लायसनचे वर्ष विचार.