फ्री एन्ट्रीने बँड जगत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला छोट्या जागांमधल्या बँड्सवरचा लेख वाचला आणि कालपासून डोकं तापलंय. लेखकाने कळकळीने लिहिलंय, वादच नाही, पण शेवटी उपाय काय तर म्हणे एन्ट्री फ्री करा, तरुण मुलं आपोआप येतील. अहो येतील ना, पण बिअर प्यायला येतील, बँड ऐकायला नाही.

मागच्या उन्हाळ्यात आपल्याच शहरातल्या एका कॅफेत, उघड्या अंगणात, फ्री एन्ट्रीचा गिग, म्हणजे बँडचा लाइव्ह कार्यक्रम होता. केरळहून आलेली चार पोरं, स्वतःची गाणी करणारी. पोस्टरवर वेळ आठची. पण टेबलं भरल्याशिवाय सुरू करायचं नाही असं मालकाचं म्हणणं, त्यात सव्वानऊ झाले, आणि उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही हा नियम 2000 सालापासूनचा, त्यामुळे सगळी काटछाट बँडच्याच वाट्याला आली. त्यातलं एक गाणं नुसतं गिटार आणि आवाज, ड्रमर स्टिक्स मांडीवर ठेवून गप्प बसलेला, आणि नेमका तेव्हाच स्टेजसमोरच्या टेबलावर केक आला, त्यावर ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती, आणि अख्ख्या टेबलाने हॅपी बर्थडे सुरू केलं. गाणारा मुलगा थांबला. त्यांचं संपेपर्यंत उभा राहिला आणि मग वेळ हातात नसतानाही गाणं परत पहिल्या ओळीपासून घेतलं. ते संपतंय तोवर मॅनेजर चिठ्ठी घेऊन हजर, दोन हिंदी हिट घ्या म्हणून! त्यांनी एक घेतलं आणि रात्रभरातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. लग्नाच्या हॉलमधल्या सनईवाल्यासारखी अवस्था केली त्या पोरांची. मला फार राग आला आणि अजून येतो.

नंतर ते स्वतःच केबल गुंडाळत होते, तेव्हा मी त्यांचा टी-शर्ट घ्यायला गेले. बोलताना कळलं की मिळालं काय, तर रात्रीचं जेवण आणि स्लीपरचं एका बाजूचं भाडं.

म्हणून म्हणते, तिकीट लावाच. आणि दारात घेतात तो कव्हर चार्ज म्हणजे तिकीट नाही, तो खाण्यापिण्यात वळता होतो, बँडला त्यातलं काहीच दिसत नाही. दारावरच्या तिकिटातला ठरलेला वाटा बँडला मिळायला हवा, आणि तो आधी लिहून द्यायला हवा. जागा चालवणं सोपं नाही हे मलाही कळतं, लोअर परळचं ब्लू फ्रॉग 2007 ला सुरू होऊन 2016 ला बंद झालं, बंगलोरचं हमिंग ट्री 2019 ला गेलं, दोन्हीचं वाईट वाटलं. पण भाडं बँडच्या मानधनातून वाचवायचं का?

आणि आपल्याकडे लोक तिकीट काढत नाहीत हे तर मला पटतच नाही. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून प्रायोगिक नाटकं झाली, इथे सुदर्शन रंगमंचावर आजही होतात, लोक पैसे देऊन येतात, फोन बंद करतात आणि दोन तास चिडीचूप बसतात. मग परवाझ किंवा आपल्याच पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज असे बँड आले की तेवढंच का नाही जमत? वीकेंडर हा संगीत महोत्सव 2010 ला याच शहरात सुरू झाला, तिथे हजारो रुपये मोजून लोक गेले, आणि तिथल्या मोठ्या स्टेजवर पोचलेले बँड आधी अशाच शंभर माणसांच्या जागांमध्ये वाजवत होते.

जाता जाता अजून एक. तुमच्या ‘आज शहरात’ या सदरात व्याख्यानाला वक्त्याचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, प्रमुख पाहुण्यांचंही असतं, आणि गिग असेल तर नुसतं ‘लाइव्ह म्युझिक, रात्री 8’. तेही बऱ्याचदा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी. फ्री एन्ट्री सुचवण्याआधी बँडचं नाव छापायला सुरुवात करा, या शुक्रवारपासूनच करा.

– एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे